पाळकाला चर्चने दिलेलं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाळकाची (चर्चच्या धर्मगुरूची) मुलगी, म्हणजे लहानपण सगळं चर्चच्या घरात गेलं, आणि पुढे बरीच वर्षं चर्चच्या प्रॉपर्टी कमिटीवर काम केलं, त्यामुळे या घराच्या आतली बाजू पण माहितीय आणि बाहेरची पण. तेच तेच प्रश्न लोक परत परत विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. आधीच सांगते, लोक विचारतात घर केवढं असावं, खोल्या किती, रंग कोणी द्यायचा. घर सोडायची वेळ आली तर काय, हे फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच विचारायला पाहिजे.

पार्सनेज म्हणजे नक्की काय?

चर्चने आपल्या पाळकाला, तो त्या जागी सेवेत असेपर्यंत राहायला दिलेलं घर. मालकी मंडळीची (म्हणजे त्या चर्चच्या सभासदांची), ट्रस्टची नाहीतर डायोसिसची (बिशपच्या हाताखालच्या विभागाची), राहणार पाळकाचं कुटुंब, भाडं नाही. सेवा संपली की घर परत. एवढंच आहे खरं तर, पण या ‘सेवा संपली की’ मध्येच सगळं आलं.

पार्सनेज, मॅन्स, व्हिकरेज, रेक्टरी... हे सगळं एकच का?

काम एकच, नावं देशाप्रमाणे आणि प्रोटेस्टंट पंथाप्रमाणे वेगळी. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये पाळक ‘रेक्टर’ असेल तर घर रेक्टरी, ‘व्हिकर’ असेल तर व्हिकरेज. पूर्वी हा फरक पैशाचा होता, गावच्या धान्याचा मोठा दशांश (चर्चला द्यायचा दहावा हिस्सा) रेक्टरला मिळायचा आणि व्हिकरच्या वाट्याला किरकोळ दशांश यायचा, म्हणून जुन्या रेक्टरी बहुतेक वेळा जास्त ऐसपैस दिसतात. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन लोकांचा शब्द मॅन्स, ब्रिटनमधले मेथडिस्टही तोच वापरतात. अमेरिकेत पार्सनेज जास्त चालतो. जर्मनीत फारहाउस, फिनलंडमध्ये पप्पिला. साल्व्हेशन आर्मी या लष्करी धर्तीच्या ख्रिस्ती पंथाचे लोक सरळ ‘क्वार्टर्स’ म्हणतात, त्यांचे पाळक ऑफिसरच ना.

कॅथलिक फादरसुद्धा चर्चच्याच घरात राहतात, मग यात वेगळं काय?

वेगळं म्हणजे बायको आणि मुलं. फादर एकटे, त्यांची बदली झाली की बॅग उचलली आणि निघाले. प्रोटेस्टंट पाळकाला लग्न करता येतं, त्यामुळे त्या घरात पाळणा आला, शाळेचं दप्तर आलं, भांडणं आली, म्हातारी आई आली.

हे सुरू झालं १५२० च्या दशकात. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने १३ जून १५२५ ला काटारिना फॉन बोरा या पूर्वीच्या ननशी लग्न केलं आणि दोघं जर्मनीतल्या विटेनबर्गच्या रिकाम्या झालेल्या मठातच राहायला लागले, त्याच मठात लूथर आधी संन्यासी म्हणून राहिलेला. १५३२ मध्ये तिथल्या राजाने ती वास्तू रीतसर त्यांच्या नावावर करून दिली. काटारिनाने तिथे शेती बघितली, गुरं पाळली, बीअर बनवली, विद्यार्थ्यांना पैसे घेऊन राहायला जागा दिली आणि सहा मुलांना जन्म दिला. पण लूथर होता प्राध्यापक, गावचा पाळक होता योहान्नेस बुगेनहागेन, आणि त्याचं चर्चजवळचं घर हे पहिल्या प्रोटेस्टंट पाळक-घरांपैकी एक मानलं जातं. लूथरचं घर त्याच्या स्वतःच्या नावावर होतं, बाकी पाळकांना ते नशीब नव्हतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घर फुकट, लाइट-पाणी पण बऱ्याच ठिकाणी चर्चच भरतं, मग पाळकाला पगार वाढवून कशाला पाहिजे?

हा प्रश्न मी इतक्या मीटिंगमध्ये ऐकलाय की काय सांगू. घर फुकट नसतं हो. ते धरूनच पगार कमी ठरवलेला असतो, म्हणजे भाडं पाळक भरतोच, फक्त ते त्याच्या हातात येण्याआधीच कापलेलं असतं. बाकी माणूस तीस वर्षं हप्ते भरतो आणि शेवटी घर त्याचं होतं. पाळकाचीही तीस वर्षं तशीच जातात, पण शेवटी त्याच्या नावावर एक वीटसुद्धा नसते. घर ही त्याच्या पगाराचीच एक बाजू आहे, आपण केलेले उपकार नाहीत, आणि हे ज्या कमिटीला कळलं तिच्या पुढच्या निम्म्या कटकटी तिथेच मिटतात.

यावर टॅक्स लागतो का?

देशादेशावर आहे, त्यामुळे आपल्या सीएला विचारा. उदाहरण म्हणून अमेरिकेचं सांगते कारण तिथे यावरून कोर्टकचेरी झालीय. तिथे १९२१ पासून चर्चने दिलेल्या घराची किंमत पाळकाच्या इन्कम टॅक्समध्ये धरत नाहीत, आणि १९५४ पासून घराऐवजी रोख भत्ता दिला तरी तीच सूट. मग काही लोक कोर्टात गेले की फक्त धर्मगुरूंनाच ही सवलत का, पण २०१९ मध्ये अपील कोर्टाने सवलत कायम ठेवली. मात्र सोशल सिक्युरिटीचा (सरकारी पेन्शनसाठीचा) जो टॅक्स असतो त्यात घराची किंमत धरावी लागते, आणि नवीन पाळकांना हे माहीतच नसतं, वर्षाच्या शेवटी एकदम मोठा आकडा समोर येतो.

पाळकाचं घर म्हणजे चर्चचं ऑफिसच ना? कधीही गेलं तर चालतं ना?

नाही. म्हणजे हो पण आणि नाही पण, जरा नीट सांगते.

लोक पाळकाकडे येणारच. कोणाच्या घरात मयत झालीय, कोणाचं लग्न मोडायला आलंय, कोणाला नुसतं बोलायचंय. आमच्याकडे बेल वाजली की आई चेहऱ्यावरूनच ओळखायची, हा माणूस फॉर्मवर सही घ्यायला आलाय की रडायला आलाय, आणि त्याप्रमाणे आम्हा मुलांना मागच्या खोलीत पिटाळायची. पप्पांची अभ्यासाची खोली घराच्या अगदी आतल्या बाजूला, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आमच्या बसायच्या खोलीतून जायचा. परीक्षेचा अभ्यास चालू असताना समोरून डोळे पुसत जाणारी माणसं मी किती बघितली असतील, आणि त्यांनाही ते किती अवघड व्हायचं, आज विचार केला की जास्त जाणवतं.

म्हणून नवीन घर बांधताय किंवा घेताय तर ही एक गोष्ट कराच, पाळकाची स्टडी एंट्रन्सला लागून ठेवा, शक्य असेल तर तिथेच एक टॉयलेट, म्हणजे येणाऱ्याला घरात शिरावंच लागत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळक-घरांच्या डिझाइनच्या सूचनांमध्येही स्टडी घरच्या वापराच्या भागापासून वेगळी ठेवायला सांगितलंय.

अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या नियमात एक गोष्ट मला फार आवडते. तिथे दोन्ही बाजूंना सांगितलंय की पाळकाच्या कुटुंबाने हे घर चर्चची मालमत्ता म्हणून जपावं आणि चर्चने हे त्या कुटुंबाचं खाजगी घर आहे याचा मान ठेवावा. आपल्याकडे पहिली अर्धी गोष्ट सगळ्यांना पाठ असते.

गळती, प्लंबिंग, वायरिंग... रिपेअरिंग कोणी करायचं?

मालकाने, म्हणजे चर्चने. छप्पर, भिंती, पाया, वायरिंग, पाण्याच्या लाइनी, सगळं. बल्ब बदलणं, रोजची साफसफाई, मुलांनी फोडलेली काच, हे पाळकाने बघावं. कागदावर हे इतकं सोपं आहे, पण प्रत्यक्षात काय होतं की पाळक सांगायला लाजतो. चर्चकडे पैसे नाहीत हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं, वर रविवारी दानाबद्दल बोलायचं आणि सोमवारी कमिटीकडे स्वतःच्या बाथरूमसाठी पैसे मागायचे, कसं मागणार. आमच्या एका घरात पावसाळ्यात छताखाली तीन बादल्या ठेवायचो, एक मोठी दोन छोट्या, त्यांचा आवाजही वेगवेगळा यायचा, आणि पप्पा चार वर्षं एका शब्दाने बोलले नाहीत. पुढचे पाळक आले तेव्हा आतला वासा कुजलेला निघाला आणि पूर्ण छप्पर बदलावं लागलं. चार वर्षांपूर्वी थोडक्यात भागलं असतं.

त्यामुळे पाळकाने तक्रार करायची वाटच बघू नका, ठरलेल्या वेळी स्वतःहून जाऊन तपासा. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९७२ च्या नियमानुसार डायोसिसचा सर्वेयर दर पाच वर्षांनी प्रत्येक पाळक-घराची तपासणी करतो. युनायटेड मेथडिस्टांकडे वर्षातून एकदा कमिटी आणि पाळक मिळून घर बघतात. वर्षातून एकदा हे छोट्या चर्चलाही जमतं, त्याला काही खर्च नाही, एक वही आणि दोन तास.

पूर्वी हे किती वाईट होतं ते पण सांगते. १९ व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घराची दुरुस्ती ही पाळकाचीच जबाबदारी होती, आणि तो गेला किंवा निघाला की सर्वेयर येऊन मोडतोडीचा हिशोब काढायचा आणि ती रक्कम त्याच्याकडून, आणि तो वारला असेल तर त्याच्या मागे राहिलेल्या इस्टेटीतून वसूल व्हायची. म्हणजे नवरा गेला, घर सोडायचंय, आणि वर छपराचं बिल.

घर चर्चच्या अगदी शेजारी असणं चांगलं का?

सोयीचं असतं, चांगलंच असतं असं नाही. इंग्लंडमधल्या हॉवर्थ इथलं ब्राँटी कुटुंबाचं घर घ्या. पॅट्रिक ब्राँटी १८२० मध्ये तिथे पाळक म्हणून आले आणि १८६१ मध्ये मरेपर्यंत तिथेच होते. घराच्या एका अंगाला लागून गच्च भरलेलं कब्रस्तान. गावच्या पाण्याचे हाल इतके की त्यांनी स्वतः सरकारकडे चौकशीसाठी अर्ज केला, आणि १८५० च्या रिपोर्टमध्ये निघालं की गावात मरणाऱ्यांचं सरासरी वय २६ च्या सुद्धा खाली आहे. ब्राँटींची सहाही मुलं त्यांच्याआधी गेली, त्यातल्या तीन मुलींना जग लेखिका म्हणून ओळखतं. पाण्यामुळेच गेली असं कोणी म्हणू शकत नाही, पण जागा ठरवताना चर्चला जवळ पडतं एवढंच बघू नका, पाणी आणि ड्रेनेजही बघा.

बदली झाली तर किती दिवसांत घर सोडायचं?

ज्या चर्चमध्ये ठरलेली पद्धत आहे तिथे प्रश्न येत नाही. ब्रिटनच्या मेथडिस्टांचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, पाळक ऑगस्टमध्ये सामान हलवतात, सगळ्यांना महिने आधी माहीत असतं, मुलांच्या शाळेचंही त्यात बसतं. जिथे तारीख नसते तिथे फोन येतो की नवीन पाळक पंधरा दिवसांनी येतायत.

आणि एक छोटी गोष्ट. एका घरात स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आई आमची उंची पेन्सिलने लिहायची, तारखेसकट. आम्ही निघाल्यावर घराला रंग दिला, द्यायलाच पाहिजे होता, कोणाची चूक नाही. पण कुटुंब निघताना एकदा विचारा, तुम्हाला इथलं काय न्यायचंय का, कशाचा फोटो काढायचाय का, एखादं झाड तुम्ही लावलंय का.

पाळक रिटायर झाले की कुठे जातात?

माझ्या मते या सगळ्या विषयाचं दुखणं इथे आहे. चाळीस वर्षं कोणाच्या तरी घरात राहिलेला माणूस साठी उलटल्यावर पहिल्यांदा घर शोधायला निघतो, तेही जन्मभराच्या कमी पगारावर.

इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टेनचं उदाहरण सांगते. तिचा जन्म १७७५ चा, स्टिव्हेंटन गावच्या रेक्टरीतला, वडील तिथले रेक्टर. १८०० च्या शेवटी त्यांनी निवृत्त व्हायचं ठरवलं, कारभार मुलाकडे दिला, आणि १८०१ मध्ये आईवडील आणि दोघी मुली बाथ शहरात भाड्याच्या जागेत गेले. पंचवीस वर्षं ज्या घरात काढली ते घर गेलं. १८०५ मध्ये वडील वारले, उत्पन्नही आटलं, मग या तिघी बायका कधी भाड्याने, कधी नातेवाइकांकडे अशा फिरत राहिल्या, शेवटी १८०९ मध्ये एका सधन भावाने चॉटन गावात एक घर राहायला दिलं तेव्हा त्या स्थिरावल्या. भाऊ सधन होता म्हणून. ज्यांना असा भाऊ नव्हता त्यांचं काय झालं असेल ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आज काही चर्चेसनी यावर व्यवस्था केलीय, चर्च ऑफ इंग्लंडचं पेन्शन बोर्ड निवृत्त पाळकांना घरासाठी मदत करतं. पण छोट्या, स्वतंत्र चर्चला असं बोर्ड कुठून असणार, तिथे ते मंडळीलाच करावं लागतं. पाळक आला त्या महिन्यापासून, घर दिलंय म्हणून जेवढी रक्कम पगारातून वाचते त्यातला थोडा भाग त्याच्या नावावर वेगळा टाकत जा. वीस-पंचवीस वर्षांत त्याचं काहीतरी होतं. निरोप समारंभात शाल आणि फोटोफ्रेम देऊन हे भरून निघत नाही.

आणि पाळक सेवेत असतानाच वारले तर?

तर त्याच्या बायकोचा नवरा, घर आणि उत्पन्न हे सगळं एकाच दिवशी जातं. दुसऱ्या कुठल्या कामात असं सहसा होत नाही.

फ्रीडरिश नीत्शे हा तत्त्वज्ञ १८४४ मध्ये जर्मनीतल्या रोकेन गावच्या पाळक-घरात जन्मला. १८४९ मध्ये वडील गेले, पुढच्या जानेवारीत धाकटा भाऊ गेला, आणि त्याच वर्षी कुटुंबाला ते घर सोडून नाउमबुर्गला जावं लागलं. पोरगा तेव्हा पाच वर्षांचा. हॉवर्थमध्येही तेच, पॅट्रिक ब्राँटी गेल्यावर त्यांच्या जावयाला, जो तिथेच सहायक पाळक म्हणून राबत होता आणि सासऱ्याला शेवटपर्यंत सांभाळत होता, ट्रस्टींनी ती जागा दिली नाही, आणि १८६१ च्या ऑक्टोबरमध्ये घरातल्या सामानाचा लिलाव झाला. आणि काटारिना, जिच्याकडे स्वतःचं घर होतं, तिचेही १५४६ मध्ये लूथर गेल्यावर हालच झाले, युद्धात दोनदा पळावं लागलं, पण परत येऊन दार उघडायला ते घर तरी होतं.

जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. जर्मनी आणि स्कँडिनेव्हियात ‘कृपेचं वर्ष’ अशी पद्धत होती, म्हणजे पाळक वारल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत त्याच्या विधवेला ते उत्पन्न आणि राहायची मुभा. काही गावांत तर पाळकांच्या विधवांसाठी वेगळं घरच बांधलेलं असायचं, जर्मनीच्या रुगेन बेटावर ग्रोस झिकर इथलं १८ व्या शतकातलं असं एक घर अजून उभं आहे, गवताने शाकारलेलं. दुसरीकडे अशीही चाल होती की नवीन पाळकाने जुन्या पाळकाच्या विधवेशी किंवा मुलीशी लग्न करायचं आणि मगच जागा मिळायची. तिच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून. वाचून अंगावर काटा येतो, तिला कोणी विचारलं असेल का.

तुमच्या चर्चमध्ये कमीत कमी एक लेखी ठराव असू द्या, पाळक वारल्यास कुटुंब अमुक महिने घरात राहील. सहा महिन्यांच्या खाली जाऊ नका, मुलांचं शाळेचं वर्ष चालू असेल तर ते संपेपर्यंत. आणि ठराव पाळक ठणठणीत असताना करा, मयतीच्या घरात बसून नाही.

त्यापेक्षा घर नको, भत्ता देऊन टाकला तर?

बरेच पाळक आता हेच मागतात आणि मला ते पटतं, विशेषतः बायकोची नोकरी एका जागी असेल तर. स्वतःचं घर घेता येतं, रिटायर झाल्यावर जायला जागा राहते. पण जिथे दर काही वर्षांनी बदली ठरलेली तिथे घर विकत घेऊन काय करणार, आणि जिथे जागेचे भाव आभाळाला भिडलेत तिथे भत्त्यात चर्चच्या जवळपास घर मिळतच नाही, मग पाळक तासभर लांब राहतो आणि रात्री कोणाला गरज पडली तर पोचू शकत नाही. जर्मनीतल्या बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चमध्ये तर पाळकाने आपल्याच मंडळीच्या हद्दीत राहायचं असा नियमच आहे.

घर रिकामं पडलंय, विकून टाकू का?

घाई करू नका. २० व्या शतकात इंग्लंडमध्ये मोठ्या जुन्या रेक्टरी न परवडल्यामुळे भराभर विकल्या गेल्या, आज तिथे श्रीमंत लोक राहतात आणि गेटवर ‘द ओल्ड रेक्टरी’ अशी पाटी असते. विकणं चुकीचंच होतं असं मी म्हणत नाही, चौदा खोल्यांचं घर गरम ठेवणं पाळकाला जमत नव्हतं. पण एकदा गेलेली जागा परत मिळत नाही. विकलंच तर पैसा घरासाठीच बाजूला ठेवा, ऑर्गन आणि एसीत घालू नका.

पाळकांच्या मुलांबद्दल खूप बोललं जातं, या घरातून कोणी मोठं झालंय का?

भरपूर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड (१८३७) आणि वुड्रो विल्सन (१८५६) दोघंही प्रेस्बिटेरियन मॅन्समध्ये जन्मले. ब्रिटनचे माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन स्कॉटलंडच्या मॅन्समधले. जॉन वेस्ली, मेथडिस्ट चळवळीचे, एपवर्थच्या रेक्टरीला ९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री आग लागली तेव्हा पाच वर्षांचे होते, वरच्या खिडकीत अडकले, आणि खाली एका माणसाच्या खांद्यावर दुसरा चढला आणि त्याने बाहेर काढलं, पाठोपाठ छप्पर कोसळलं. वाचवणारे ते शेजारीपाजारीच होते. चर्चच्या घराचं सुख म्हणाल तर तेही हेच, कुटुंब एकटं नसतं.

करारात काय काय लिहायचं?

घर कोणत्या तारखेला द्यायचं आणि बदली, निवृत्ती, आजारपण, मृत्यू यातल्या प्रत्येक वेळी किती मुदतीत सोडायचं, चारही वेगवेगळं लिहा. दुरुस्तीचा खर्च कोणाचा आणि किती रकमेपर्यंत पाळक न विचारता करू शकतो. वार्षिक तपासणी कोणत्या महिन्यात. सामानाची यादी, दोघांच्या सहीची, पण त्यात पंखे, कपाटं, गीझर एवढंच, चमचे मोजू नका. विमा इमारतीचा चर्चने काढायचा, आतल्या सामानाचा पाळकाने. निवृत्तीसाठी दरमहा किती बाजूला.

घराची दुसरी चावी कमिटीकडे असावी का?

एक असू द्या, बंद पाकिटात, सेक्रेटरीकडे, आग-पाण्याच्या वेळेसाठी. आणि जुन्या कमिटीवाल्यांकडे, माळ्याकडे, सनडे स्कूलच्या टीचरकडे ज्या फिरत असतात त्या सगळ्या गोळा करा, नाहीतर नवीन कुटुंब यायच्या आधी कुलूपच बदला.